पिल्लांच्या वाटीतला हिशोब

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असा निरोप आला तेव्हा आम्हां सहा माजी विद्यार्थ्यांमध्ये बराच खल झाला. उच्च पदांवर पोहोचलेले, परदेशी स्थायिक झालेले, समाजकार्यात नाव कमावलेले आपले बंधू-भगिनी आपापले अनुभव लिहितीलच. त्या तोडीचे सांगण्यासारखे आमच्याजवळ काही नाही. नोकरी-धंदा सांभाळून गेली काही वर्षे आम्ही एक लहानसे काम करीत आहोत. जिन्याखाली, गटाराच्या कडेला, बंद गाळ्यात सापडलेली आईवेगळी मांजरीची पिल्ले घरी आणायची, आठ-दहा आठवडे सांभाळायची आणि अंगाने सावरली की चांगल्या घरी सोपवायची. आमच्यापैकी कोणीही श्रीमंत नाही. त्यामुळे या कामात सर्वांत मोठा प्रश्न उभा राहतो तो वाटीचा. वाटीत काय घालायचे आणि त्याला पैसे किती पडणार?

विषय किरकोळ वाटेल याची आम्हांला कल्पना आहे. तरीही तो येथे मांडावासा वाटला, कारण त्याची सुरुवात याच शाळेच्या वसतिगृहात झाली.

आमच्या वेळी धान्याच्या कोठीत उंदरांचा उपद्रव फार होता, आणि त्या उंदरांच्या मागे एक करडी मांजर वावरत असे. एका पावसाळ्यात ती कोठीच्या माळ्यावर व्याली आणि दोन-तीन आठवड्यांतच कुठेशी नाहीशी झाली. मागे चार पिल्ले राहिली. आम्ही सातवी-आठवीतली मुले. पंगतीत वाढलेल्या भातातला एकेक घास बाजूला काढायचा, सकाळच्या दुधातले थोडे पेल्यात राखायचे आणि ते कालवून माळ्यावर न्यायचे, असा आमचा क्रम सुरू झाला. स्वयंपाकघरातल्या मावशींनी एकदा पाहिले. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “पोरांनो, पोट भरतंय त्यांचं, पण अंगी लागत नाही काही.” त्या बोलण्याचा अर्थ आम्हांला तेव्हा कळला नाही. पिल्लांची पोटे नगाऱ्यासारखी फुगलेली दिसत. त्यांना हगवण लागली. आठवड्याभरात तीन गेली. चौथे कोणीतरी गावात नेले, त्याचे पुढे काय झाले ते समजले नाही.

आम्ही त्यांना आमच्या ताटातले दिले होते. स्वतः अर्धपोटी राहून दिले होते. म्हणून तर ते मरण पुढे अनेक वर्षे आमच्या मनात सलत राहिले.

कारण कळले ते फार उशिरा. मांजर आणि दूध ही जोडी आपल्या भाषेत इतकी घट्ट बसली आहे की तिच्याबद्दल शंका घ्यावी असे कोणाला वाटत नाही. प्रत्यक्षात गाईच्या वा म्हशीच्या दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवण्याची मांजराच्या आतड्यांची कुवत बेताची असते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि हगवण लागते. मोठे मांजर त्यातून निभावून जाते. अडीचशे-तीनशे ग्रॅम वजनाच्या पिल्लाच्या शरीरातील पाणी मात्र एका दिवसात आटून जाऊ शकते. शिवाय मांजरीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात. म्हणजे गाईच्या दुधाने पोट भरले तरी वाढीला लागणारा ऐवज अर्धाच मिळतो. मावशींनी कोणतेही पुस्तक न वाचता हेच सांगितले होते.

भाताची गोष्ट त्याहून सरळ आहे. मांजर हा मूलतः मांसाहारी प्राणी आहे. ही त्याची आवड नसून शरीराची रचनाच तशी आहे. कुत्रा माणसाच्या उष्ट्यावर बऱ्यापैकी जगतो, तसे मांजराला जमत नाही. गाजर-भोपळ्यातील द्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवणे आपल्याला जमते, त्याला जमत नाही. ते त्याला प्राणिज पदार्थांतूनच तयार मिळावे लागते. टॉरिन नावाचे एक द्रव्य आपले शरीर घडवू शकते, मांजराचे शरीर पुरेसे घडवू शकत नाही. ते मांसात असते. भातात, पोळीत, डाळीत नसते. त्याच्या अभावी मांजराचे दृष्टिपटल झिजून अंधत्व येते, हे १९७५ साली संशोधकांनी दाखवून दिले. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवले की त्याच अभावाने मांजराच्या हृदयाचे स्नायू दुबळे पडून हृदय फुगते. तेव्हा बाजारात मिळणाऱ्या काही तयार खाद्यांतही टॉरिन अपुरे होते. त्या संशोधनानंतर उत्पादकांनी त्याचे प्रमाण वाढवले.

शिजलेल्या १०० ग्रॅम भातात प्रथिने ३ ग्रॅमांच्या आतच भरतात. तेवढ्याच शिजलेल्या कोंबडीच्या मांसात २५ ग्रॅमांच्या आसपास. पिल्लाचे पोट इवलेसे. ते भाताने भरले की मांसाला जागा उरत नाही. आमच्या चार पिल्लांचे हेच झाले.

हे समजल्यावर आम्ही दुसरी चूक केली, आणि ती पहिलीइतकीच प्रेमाने केली. मांस हवे ना, मग मांसच देऊ, असे ठरवून एका खेपेस तीन पिल्लांना आम्ही सलग अडीच महिने उकडलेले बिनहाडाचे चिकन खाऊ घातले. पिल्ले चमकदार दिसत होती, खेळत होती. मग त्यांतले एक मागच्या पायाने लंगडू लागले. खुर्चीवरून उडी मारण्याचे निमित्त झाले आणि त्याला उभे राहता येईना. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून आम्हांला क्ष-किरण तपासणीसाठी पाठवण्यात आले. हाडे कागदासारखी पातळ दिसत होती, एका ठिकाणी ती वाकून चिरली होती. डॉक्टरांनी विचारले, “खायला काय देता?” आम्ही अभिमानाने सांगितले. ते म्हणाले, “म्हणूनच.”

मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र असते. १०० ग्रॅम चिकनमध्ये कॅल्शियम १०-१२ मिलिग्रॅम, तर फॉस्फरस २०० मिलिग्रॅमांच्या आसपास. वाढत्या पिल्लाला ही दोन्ही द्रव्ये निदान बरोबरीने हवीत, कॅल्शियम थोडे अधिकच. रक्तातील कॅल्शियम घसरू नये म्हणून शरीर ते हाडांतून काढू लागते. रानात शिकार करणारे मांजर उंदीर हाडांसकट खाते, म्हणून त्याचे भागते. आम्ही हाडे काळजीपूर्वक वेचून फेकत होतो. ते पिल्लू पिंजऱ्यात विश्रांती आणि योग्य आहार मिळाल्यावर बरे झाले, पण त्याची चाल आजही किंचित तिरकी आहे. ते आता आमच्यातल्याच एकाच्या घरी असते, कारण त्याला दुसऱ्या कोणाच्या हाती देण्याचा धीर आम्हांला झाला नाही.

या दोन अनुभवांतून आमचे जे मत बनले ते स्पष्ट सांगतो. घरी शिजवलेले अन्न स्वस्त आणि शुद्ध, म्हणून पिल्लांना तेच द्यावे, हा समज अर्धवट आहे. त्यातला ‘स्वस्त’ हा शब्द तर तपासून पाहण्यासारखा आहे.

आम्ही हिशोब मांडला. अर्ध्या किलो वजनाच्या पिल्लाला दिवसाला साधारण १०० ते १२५ कॅलरी लागतात. चार पिल्लांना ४५० धरू. ती केवळ चिकनमधून द्यायची तर शिजलेले अडीचशे ग्रॅम मांस हवे. त्यासाठी हाडासकट अर्धा किलो तंगड्या आणाव्या लागतात. आमच्या बाजारभावाने १०० ते १२० रुपये झाले. पिल्लांसाठीच्या साध्या कोरड्या तयार खाद्यात १०० ग्रॅमला ३८० ते ४०० कॅलरी असतात. तेव्हा १२० ग्रॅम पुरते आणि खर्च ५० ते ६० रुपये येतो. ओल्या खाद्याची छोटी पाकिटे घ्यायची तर सहा-सात लागतात आणि अडीचशे रुपयेही पुरत नाहीत. दूध-भात मात्र वीस-पंचवीस रुपयांत भागतो.

हा तक्ता आम्ही भिंतीवर लावला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो. घरचे अन्न स्वस्त पडते, असे आपण म्हणतो तेव्हा स्वस्त असतो तो भात. मांस स्वस्त नसते. घरच्या वाटीतली बचत ही पिल्लाच्या हाडांतून आणि डोळ्यांतून काढलेली असते. आणि महागड्या पाकिटांकडे पाहून हबकलेला माणूस, साधे कोरडे खाद्य त्याच्या खिशाला चिकनपेक्षाही परवडते, हे पाहायला थांबतच नाही.

म्हणून आमचा आजचा परिपाठ असा आहे. मुख्य आहार म्हणजे पिल्लांच्या वाढीसाठी संपूर्ण व संतुलित असल्याचे ज्याच्या वेष्टनावर छापलेले आहे असे कोरडे खाद्य. कुत्र्यांचे खाद्य चालत नाही. त्यात मांजराला लागणारे टॉरिन असेलच असे नाही. चार-पाच आठवड्यांच्या पिल्लाला ते कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, खिरीसारखे पातळ करून देतो. पुढे हळूहळू पाणी कमी करतो. त्यावर घरी शिजवलेल्या चिकनचे दोन-तीन चिमूट धागे आणि चमचाभर आळणी रस्सा. घरच्या अन्नाचा वाटा दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवतो. तेवढ्याने वास येतो, पिल्लू वाटीकडे वळते, पाणीही पोटात जाते. रुसलेल्या, आजारातून उठलेल्या पिल्लाला हा रस्सा फार उपयोगी पडतो.

खेड्यात राहणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींना तयार खाद्य हाताशी मिळत नाही, हे आम्ही जाणतो. ते मिळेपर्यंत काही दिवस घरच्या अन्नावर काढायचे असतील तर काही गोष्टी पाळाव्यात. छातीच्या मांसापेक्षा तंगडीचे मांस घ्यावे, त्यात टॉरिन अधिक असते. दुकानदाराकडे कोंबडीचे हृदय मागावे. ते बहुधा स्वस्तात मिळते आणि त्यातही टॉरिन चांगले असते. कलेजी एकूण मांसाच्या विसाव्या हिश्श्याहून अधिक नको, कारण तिच्यातील अ जीवनसत्त्व अती झाले तर तेही हाडांना बाधते. मांस थोड्या पाण्यात शिजवावे आणि ते पाणी फेकू नये; टॉरिन पाण्यात उतरते. मीठ, हळद, मसाला काही नको. कांदा आणि लसूण तर कोणत्याही रूपात नको, त्यांनी मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. आपल्या घरच्या रश्श्याचा वाटीत उरलेला घोट याच कारणाने देऊ नये. शिजलेली हाडे अणकुचीदार फुटतात, ती सगळी काढावीत. कॅल्शियमसाठी अंड्याची टरफले धुऊन, वाळवून, तव्यावर भाजून मिक्सरमध्ये पिठासारखी दळावीत आणि वस्त्रगाळ करावीत. अर्धा किलो बिनहाडाच्या कच्च्या मांसाला सपाट अर्धा चहाचा चमचा भुकटी घातली की कॅल्शियम मांसातील फॉस्फरसच्या बरोबरीला येते. मासळी द्यायची तर शिजवून आणि अधूनमधून. कच्च्या माशांपैकी काहींत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. खारवलेली सुकी मासळी टाळावी. आणि हे सारे करूनही तो आहार अपुराच असतो, हे विसरू नये. पंधरवड्याहून अधिक काळ तसे करावे लागणार असेल तर पशुवैद्याकडून टॉरिन आणि जीवनसत्त्वांची पूड प्रमाणासह लिहून घ्यावी.

चार आठवड्यांच्या आतील पिल्लाला यांतले काहीच चालत नाही. त्याला मांजरीच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडरच हवी. पिल्लू गार असेल तर आधी कापडात गुंडाळून ऊब द्यावी. गारठलेल्या शरीराला दूध पचत नाही. पाजताना पिल्लू पोटावर असावे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरले तर दूध फुप्फुसात जाते. रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहावे. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ हवी. एक दिवस वाढ थांबली तर लक्ष ठेवावे, वजन उतरले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ही वही फुकट असते आणि तिने आमची जेवढी पिल्ले वाचवली तेवढी कोणत्याही महाग अन्नाने वाचवली नाहीत.

आता एका आक्षेपाचे उत्तर देणे आम्हांला भाग आहे. माणसांच्या लेकरांना पोटभर मिळत नसताना मांजरांना चिकन घालणे ही चैन नव्हे काय? हा प्रश्न आम्हांला नातेवाइकांनी विचारला आहे, आणि आम्हीही स्वतःला विचारला आहे. अर्धपोटी राहणे म्हणजे काय ते ज्या घरांनी पाहिले, त्याच घरांतून आम्ही या शाळेत आलो. म्हणून हा प्रश्न आम्ही उडवून लावू शकत नाही. वसतिगृहासाठी दरवर्षी जी वर्गणी आम्ही काढतो, तिला आम्ही कधी हात लावत नाही. पिल्लांचा खर्च आमच्या चहा-सिगारेटीतून, सिनेमातून, सणाच्या कपड्यांतून निघतो. उपासमार ज्याने भोगली त्याला दुसऱ्याची उपासमार लवकर दिसते. ती दोन पायांची की चार पायांची, हा भेद ती पाहत नाही.

पण याच आक्षेपाने आम्हांला एक शिस्तही शिकवली. खिसा लहान असेल तर पिल्लेही मोजकीच घ्यावीत. चार पिल्लांचा आठ आठवड्यांचा खर्च हाती असेल तर चार घ्यावीत, पाचव्याला नाही म्हणावे आणि दुसरे घर शोधावे. नाही म्हणताना जीव तुटतो. पण पाचवे आणले की पाचांच्या वाटीत भात येतो. ज्यांच्या घरात मांसाला मज्जाव आहे त्यांनीही मन कष्टी करून घेऊ नये. मांजराला शाकाहारी करण्याचा प्रयत्न तेवढा करू नये. कोरडे खाद्य घालणे जमत असेल तर ते पुरे. तेही मनाला पटत नसेल तर पिल्लासाठी दुसरे घर शोधून देणे, दवाखान्याचा खर्च उचलणे, आई मांजरीची नसबंदी करवणे ही कामे तितकीच मोलाची आहेत. किंबहुना शेवटचे काम सर्वांत मोलाचे, कारण त्याने पुढची भुकेली पिल्ले जन्मालाच येत नाहीत.

सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे कोरलेले आहे. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणून लावल्या, रस्त्यांवर विहिरी खोदल्या, झाडे लावली, असेही त्यात आहे. शाळेत हा लेख इतिहासाच्या तासाला शिकताना आम्ही त्यातली दया पाहिली. आता वाचताना दिसते ती व्यवस्था. राजाला पशूंचा कळवळा आला, एवढ्यावर तो लेख थांबत नाही. कोठे काय उणे आहे ते पाहिले आणि तेथे ते पोहोचवले, असे तो सांगतो. आपल्या संविधानातही १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५१-क मध्ये प्राणिमात्रांबद्दल दया बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून नोंदले आहे. कर्तव्य म्हटले की ते नीट शिकून, मोजून, वेळेवर करावे लागते.

कोठीच्या माळ्यावरची आमची करुणा खरी होती. तिला फक्त कोणी काट्यावर तोलायला शिकवले नव्हते. आज वसतिगृहात राहणाऱ्या मुला-मुलींपैकी कोणाला असेच एखादे पिल्लू सापडले, तर त्याने आपल्या ताटातला भात राखून ठेवू नये. तो भात स्वतः खावा आणि गृहपालांना, शिक्षकांना वा आम्हांला निरोप धाडावा. शाळेच्या कार्यालयात आमचा पत्ता आम्ही ठेवून जात आहोत. खाद्याची एक पिशवी, दुधाच्या पावडरीचा डबा आणि एक वजनकाटा यंदाच्या वर्धापनदिनी आम्ही स्वयंपाकघरातल्या फळीवर आणून ठेवणार आहोत. पिशवी संपत आली की कळवावे, एवढीच विनंती.